कॅसेटवरून डिस्कवर: रेकॉर्डर निवडण्याआधी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून कॅसेटचे खोके खाली आले, की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांमधून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि जागेअभावी पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न: लग्न, दोन मुलांच्या मुंजी आणि सोसायटीचा गणेशोत्सव अशा वीसेक व्हीएचएस कॅसेट घरात आहेत. व्हीसीआर कधीच भंगारात गेला. डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन सगळं डिस्कवर उतरवायचं आहे. कॅसेट आणि डिस्क दोन्ही चालणारं एकच मशीन घ्यावं, की दोन वेगवेगळी? दुकानदार म्हणतात, नवीन मिळतच नाही. (वाचक, चरई, ठाणे)

उत्तर: दुकानदार खरं सांगतात. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. डीव्हीडी रेकॉर्डरही बाजारातून गेले आहेत. म्हणजे दोन्ही गोष्टी वापरलेल्याच घ्याव्या लागणार, आणि म्हणूनच निवड नीट करायला हवी.

बहुतेक जण सगळं लक्ष रेकॉर्डरवर ठेवतात आणि कॅसेट चालवायला मिळेल तो व्हीसीआर उचलतात. आमचा सल्ला नेमका उलटा आहे. हातातल्या पैशांचा मोठा वाटा कॅसेट वाजवणाऱ्या मशीनवर घाला. कॅसेटमधून जे नीट बाहेरच आलं नाही, ते कितीही महागडा रेकॉर्डर परत आणू शकत नाही. नुसता प्लेअर, म्हणजे व्हीसीपी, मिळाला तरी चालेल. तुम्हाला कॅसेटवर रेकॉर्डिंग करायचंच नाही.

मशीन बघायला जाताना बिनमहत्त्वाची एक कॅसेट बरोबर न्या. ती किमान अर्धा तास सलग चालवा, कारण गरम झाल्यावर उद्भवणारे दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत. पुढे-मागे पळवा, दोन-तीनदा बाहेर काढून आत घाला. मग कॅसेटच्या कडेचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला आणि टेप उजेडात तिरकी धरून पाहा. कडेला सुरकुती किंवा उभी रेघ पडलेली दिसली, तर त्या मशीनचा पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे ओढणारा रबरी रोलर, किंवा टेपचा मार्ग बिघडलेला आहे. ते मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. रिवाइंड करताना रडत असेल, तर बहुधा बेल्ट सैल झालेला असतो. तो बदलता येतो. हाय-फाय स्टीरिओ मशीन मिळालं तर उत्तम. एस-व्हिडिओची गोल सॉकेट असलेलं एस-व्हीएचएस, म्हणजे सुधारित व्हीएचएसचं, मशीन मिळालं, तर ते सोडू नका. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या अशा काही मशीनमध्ये टाइम बेस करेक्टरही असतो. तो का हवा, हे पुढे कळव्याच्या पत्राच्या उत्तरात आहे.

आता रेकॉर्डर. एकाच खोक्यात दोन्ही असलेल्या कॉम्बोची सोय मोठी: केबल नको, एक बटण दाबलं की डबिंग सुरू. पण त्यातला व्हीसीआर सहसा साधा असतो, आणि एक भाग बिघडला की दुसराही दुरुस्तीवाल्याकडे अडकतो. शिवाय इथे एक ठरलेली फसगत होते. आपल्याकडे विकल्या गेलेल्या बऱ्याच कॉम्बोमध्ये डिस्कचा भाग नुसता वाजवणारा आहे, लिहिणारा नाही. पुढच्या बाजूला डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर ही खूण आणि रेकॉर्डचं बटण आहे का, ते पाहूनच पैसे द्या.

पर्याय असेल तर आतमध्ये हार्ड डिस्क असलेला वेगळा रेकॉर्डर घ्या. सोनीच्या आरडीआर-एचएक्स आणि पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएच मालिकांत असे रेकॉर्डर होते. आधी सगळं हार्ड डिस्कवर घ्यायचं, मधला कोरा भाग आणि मुंग्या कापायच्या आणि मगच डिस्क लिहायची. डिस्क वाया गेली तरी कॅसेट पुन्हा चालवावी लागत नाही. कॅसेट जितकी कमी वेळा फिरेल तितकं बरं.

जपानहून आलेले स्वस्त रेकॉर्डर ऑनलाइन दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. ते १०० व्होल्टवर चालतात आणि फक्त एनटीएससी, म्हणजे जपान-अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीचं चित्र घेतात. आपल्या कॅसेट पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या आहेत. आखाती देशांतून किंवा युरोपातून आणलेलं मशीन मात्र बहुधा चालतं. रेकॉर्डर तपासायला जाताना एक कोरी डीव्हीडी-आर न्या, दहा मिनिटं रेकॉर्ड करा, फायनलाइझ करा (म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी डिस्क पूर्ण करा) आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. लेझर थकलेला रेकॉर्डर डिस्क छान वाजवतो, पण लिहिताना नेमका फायनलाइझच्या टप्प्यावर अडतो.

जोडणी तीन पिनांच्या केबलची: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. एस-व्हिडिओ दोन्हीकडे असेल तर पिवळीऐवजी ती लावा. काही जुन्या व्हीसीआरला चित्रासाठी पिवळ्या पिनेऐवजी बीएनसी नावाची, फिरवून अडकवायची सॉकेट असते. तिचा अॅडॉप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. मशीन मोनो असेल तर आवाजाची एकच सॉकेट असते, तेव्हा एकाच्या दोन पिना करणारी केबल लावा, नाहीतर आवाज एकाच स्पीकरमधून येईल. आवाजात घुंऽऽ असा गुरगुराट आणि चित्रात हळूहळू वर सरकणारा आडवा पट्टा दिसला, तर टीव्हीला लावलेली केबलवाल्याची वायर काढून बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

प्रश्न: घरचा व्हीसीआर चालू होतो, आवाज येतो, पण चित्रात नुसत्या मुंग्या. मेकॅनिक म्हणतो हेड गेलं, नवीन मिळणार नाही. (वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर: हेड गेलं म्हणण्याआधी हेड साफ करून बघा. आवाज शाबूत आणि चित्र गायब, याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे टेप ज्याला वेढून जाते त्या ड्रमवरच्या, चित्र वाचणाऱ्या हेडच्या फटीत बसलेला मळ. साध्या आवाजाचं हेड वेगळं, स्थिर असतं. त्यामुळे आवाज येत राहतो.

मशीनचा प्लग काढा, झाकण उघडा. चकचकीत, किंचित तिरका बसवलेला गोल ड्रम दिसेल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. अत्तराचं स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. साध्या पांढऱ्या कागदाची दोन बोटं रुंदीची घडी अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरच्या कडेला धरून सावकाश फिरवा. कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली घासलंत तर हेडचं टोक तुटतं, आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं. कान साफ करायची काडीही ड्रमला लावू नका, तिचा कापूस हेडमध्ये अडकतो. ती काडी पिंच रोलरसाठी आणि आवाजाच्या हेडसाठी वापरा. कागदावर काळपट-तपकिरी रेघ उमटायची थांबेपर्यंत नवा कागद घेऊन हेच करा. मग अर्धा तास सुकू द्या.

मशीनवर ‘ड्यू’चा दिवा लागत असेल, तर आत दमट हवा साचलेली आहे. पावसाळ्यात, विशेषतः एसीच्या खोलीतून मशीन बाहेर आणल्यावर, असं होतं. चालू ठेवून एक-दोन तास थांबा. त्या अवस्थेत कॅसेट घातली तर टेप ओल्या ड्रमला चिकटते.

प्रश्न: कॅसेट तीन तासांची आहे. रेकॉर्डरमध्ये एक्सपी, एसपी, एलपी, ईपी असे पर्याय आहेत. एका कॅसेटची एक डिस्क करायची तर कोणता निवडावा? (वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपीमध्ये साधारण एक तास, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार आणि ईपीमध्ये सहा ते आठ तास मावतात. डिस्क तीच, त्यामुळे वेळ दुप्पट केला की दर सेकंदाला मिळणारी माहिती निम्मी होते: एक्सपीला सुमारे १० मेगाबिट, एसपीला ५, एलपीला अडीच.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: व्हीएचएसचं चित्र मुळातच मऊ, आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांचा तपशील, मग एलपी पुरे की! रेषांपुरता हिशेब बरोबर आहे. पण जुन्या कॅसेटवर तपशील कमी असला तरी खरखर भरपूर असते. प्रत्येक चित्रात वेगळ्या ठिकाणी येणारे हे बारीक ठिपके रेकॉर्डरला नवी माहिती वाटतात, आणि तो जागा त्यांच्यावर उधळतो. माहिती कमी पडली की चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटतं. अक्षता पडतानाचा क्षण किंवा मिरवणुकीतला गुलाल एलपीमध्ये उतरवून पाहा, म्हणजे लक्षात येईल: हजारो बारीक कण एकाच वेळी हलतात आणि तिथेच चित्र चिखल होतं. स्वच्छ स्टुडिओ चित्रापेक्षा जुन्या घरगुती कॅसेटला जास्त जागा लागते, कमी नाही.

म्हणून तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर घ्या, दीड-दीड तास. रेकॉर्डरमध्ये ‘फ्लेक्सिबल’ किंवा ‘एफआर’ पर्याय असेल, तर त्याला दीड तास सांगा. तो एक्सपी आणि एसपीच्या मधला दर स्वतः ठरवतो. नसेल तर एसपी. रेकॉर्डिंग दोन भागांत तोडताना मंगलाष्टकं मध्येच कापली जाणार नाहीत अशी जागा आधी शोधून काउंटरचा आकडा लिहून ठेवा.

जुने रेकॉर्डर १६ एक्स (लिहिण्याचा वेग) च्या डिस्कवर कधी कधी कुरकुर करतात. अशा वेळी दुसऱ्या ब्रँडची किंवा ८ एक्सची डिस्क लावून बघा. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर डीव्हीडी-आर तिथेच फुकट जाते. व्हीसीआर आणि रेकॉर्डर मिळून इतकी कमी वीज खातात, की घरच्या कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो.

प्रश्न: कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके आहेत. माळा छताला लागून आहे आणि पावसाळ्यात ओल धरतो. चालवून बघू का? (वाचक, नेरूळ)

उत्तर: अजिबात नको. ती बुरशी आहे. एकदा चालवली की तिचे कण ड्रमवर, रोलरवर आणि मार्गातल्या प्रत्येक खांबावर जातात, आणि तिथून पुढच्या धड कॅसेटवर. शिवाय बुरशीनं टेपचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. मशीन ओढतं आणि टेप तुटते.

आधी बुरशी लागलेल्या आणि न लागलेल्या कॅसेट वेगळ्या करा. लागलेल्या हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल घालून दोन-तीन आठवडे ठेवा. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते बदला. ओली बुरशी पुसली तर टेपवर माखते, वाळलेली पावडरसारखी झटकली जाते. म्हणून हा वेळ वाया जात नाही. उन्हात मात्र ठेवू नका, कवच वाकतं. ओव्हनमध्ये टेप भाजण्याचा सल्ला इंटरनेटवर दिसेल. तो वेगळ्या प्रकारच्या व्यावसायिक टेपसाठी आहे, घरच्या व्हीएचएसला लावू नका.

वाळल्यावर काम गॅलरीत किंवा उघड्यावर करा. तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात हातमोजे हवेत, दमा असणाऱ्यांनी जवळ थांबू नये. कॅसेट उलटी करा, खालचे पाच स्क्रू काढा, दोन्ही भाग हातानं धरून पुन्हा सुलटी करा आणि मग वरचं झाकण सरळ उचला. लगेच मोबाइलवर फोटो काढा: टेप कोणत्या खांबाच्या पुढून आणि कोणत्याच्या मागून जाते, हे जोडताना आठवत नाही. गुंडाळीच्या वरच्या-खालच्या कडेवरची पावडर मऊ कोरड्या ब्रशनं बाहेरच्या दिशेला झटका. टेपच्या सपाट बाजूला बोट लावू नका. मग दोन्ही चाकं उचलून एखाद्या स्वच्छ, बिनकामाच्या कॅसेटच्या कवचात बसवा. जुन्या कवचाच्या कोपऱ्यांत उरलेली बुरशी अशानं टळते.

त्यानंतर चांगल्या मशीनमध्ये नाही, तर दुसऱ्या, फारसा जीव नसलेल्या व्हीसीआरमध्ये ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. त्या मशीनचं हेड साफ करा. मगच रेकॉर्डिंगला घ्या.

टेप तुटली तर साधी सेलोटेप लावू नका. तिचा गोंद उष्णतेनं पाझरतो आणि हेड बुजवतो. जोडपट्टी म्हणून मिळणारी स्प्लायसिंग टेपच वापरा, आणि ती टेपच्या मागच्या बाजूला, म्हणजे ड्रमला न लागणाऱ्या बाजूला लावा. जोडाच्या जागी चित्र कधीही थांबवून ठेवू नका.

लग्नाच्या कॅसेटबाबत आणखी एक मार्ग आहे, आणि तो फार कमी जणांना सुचतो. व्हिडिओवाल्यानं बहुधा दोन प्रती दिलेल्या असतात, एक वराकडे, एक वधूकडे. तुमची प्रत नेरूळच्या माळ्यावर सडली असेल, पण दुसरी पुण्यात किंवा साताऱ्यात कोरड्या कपाटात असू शकते. आधी व्याह्यांना फोन करा.

प्रश्न: डीव्हीडी रेकॉर्डर मिळेना, म्हणून कॅसेट थेट लॅपटॉपवर घेणारं छोटं यूएसबी यंत्र ऑनलाइन मागवलं. सुरुवातीला ठीक, पण तासाभरानं ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. चित्रही वरच्या बाजूला वाकतं. यंत्र खराब आहे का? (वाचक, कळवा)

उत्तर: यंत्र स्वस्तातलं असेलही, पण मूळ कारण कॅसेटमध्ये आहे. पाल चित्रात ६२५ ओळी असतात, सेकंदाला २५ चित्रं. ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि प्रत्येक ओळ ठरलेल्या क्षणी सुरू व्हायला हवी. टेप वर्षानुवर्षं थोडी ताणली, आखडली, की ओळी किंचित आधी किंवा नंतर येऊ लागतात. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, म्हणून तेव्हा दोष दिसलाच नाही. डिजिटल यंत्र इतकं समजूतदार नाही. ओळ चुकली की चित्र वाकतं, आणि जास्त चुकली की ते पूर्ण चित्र गाळून टाकतं. आवाज मात्र अखंड येत राहतो. दर मिनिटाला एक-दोन चित्रं गळाली, तरी तासाभरात आवाज आणि चित्र यांच्यात काही सेकंदांचं अंतर पडतं.

यावरचा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो प्रत्येक ओळ पकडून ठरलेल्या वेळेला पुढे सोडतो. स्वतंत्र मिळणं अवघड आणि महाग. पण पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर हेच काम बऱ्यापैकी करतात. त्यांच्यात डिस्क घालायचीच नाही: व्हीसीआरची केबल रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरच्या आउटपुटची केबल यूएसबी यंत्राला. लिहिणारा लेझर मेलेला असला तरी चालतं, त्यामुळे असं मशीन स्वस्तात मिळू शकतं. वरून वाकणारं चित्र यानं सरळ होताना दिसतं.

बाकीची कारणं तुमच्या हातात आहेत. यंत्र यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. आवाज त्याच यंत्रातून घ्या, लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून नको. दोन उपकरणांच्या आतली घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आवाजाचा दर ४८००० हर्ट्झ ठेवा. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५, पद्धत पाल. ही यंत्रं बहुतेक वेळा एनटीएससीवर आणि ३० चित्रांवर बसवलेली येतात, आणि तिथेच पहिली चूक होते. रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉपची स्लीप बंद, वाय-फाय बंद, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग बंद. व्हर्च्युअलडब हा मोफत प्रोग्रॅम गळालेल्या चित्रांची संख्या कोपऱ्यात दाखवतो. ती शून्याजवळ राहिली की समजा घडी नीट बसली. यंत्र बदलायचंच असेल तर होपॉजचं यूएसबी-लाइव्ह २ हे विश्वासाचं आहे.

हफ-वाययूव्हीसारख्या बिनतोट्याच्या, म्हणजे चित्रातलं काहीच न गमावणाऱ्या, पद्धतीत घेतलं तर तासाला ३० ते ४० जीबी लागतात. इतकी जागा तात्पुरती मोकळी करा. त्यावरून नंतर हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये एच.२६४ ही लहान फाइल करा: दर्जाचा आकडा १८, डीइंटरलेसमध्ये (एकाआड एक ओळींची चित्रं सुटी करण्याच्या पर्यायात) ‘बॉब’, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि हालचाल मूळ टीव्हीसारखी सलग दिसते. चित्राच्या अगदी तळाशी आठ-दहा ओळींत जो थरथरणारा पट्टा दिसतो, तो हेड बदलतानाचा आहे, बिघाड नाही. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड तो लपायचा.

खरं सांगायचं तर आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला आम्ही हाच मार्ग सुचवू. डिस्क वडीलधाऱ्यांना टीव्हीवर लावायला सोपी पडते म्हणून जरूर करा, पण ती या फाइलवरून करा.

प्रश्न: मामांनी १९९४ मध्ये अमेरिकेहून पाठवलेली कॅसेट आमच्या व्हीसीआरवर चालते, टीव्हीवर रंगीत दिसते, पण डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये काळी-पांढरी येते. (वाचक, ऐरोली)

उत्तर: ती एनटीएससी कॅसेट आहे. तुमचा व्हीसीआर ती वाचून पाल-६० नावाचं मिश्र चित्र बाहेर सोडतो: ओळी एनटीएससीच्या ५२५, रंग पालचा. टीव्हीला ते चालतं, बहुतेक रेकॉर्डरना नाही. व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूमध्ये ‘एनटीएससी ४.४३’ किंवा ‘एनटीएससी ३.५८’ असे पर्याय असतील, तर ३.५८ वर ठेवा आणि रेकॉर्डरचं इनपुटही एनटीएससी करा. ३.५८ नसेल तर खरा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधा. आखातातून परतलेल्या ओळखीच्या घरांमध्ये तो हमखास सापडतो.

प्रश्न: हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट आहेत. व्हीएचएसच्या आकाराचा अॅडॉप्टर मिळतो म्हणतात. (वाचक, वाशी)

उत्तर: अॅडॉप्टर फक्त व्हीएचएस-सी नावाच्या छोट्या कॅसेटला लागतो, कारण तिच्यातली टेप व्हीएचएसचीच, अर्ध्या इंचाची आहे. त्यातही मोटरवाल्या अॅडॉप्टरला एक पेन्सिल सेल लागतो. सेल उतरला की टेप अर्धी ओढून अडकते, म्हणून नवाच घाला. व्हिडिओ-८, हाय-८, डिजिटल-८ आणि मिनीडीव्ही यांना असा अॅडॉप्टर नाहीच. त्यांच्या टेपची रुंदी वेगळी आहे. कुणी विकत असेल तर घेऊ नका.

व्हिडिओ-८ आणि हाय-८ ला चालू कॅमेराच हवा. सोनीचे काही डिजिटल-८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ-८ कॅसेटही वाजवतात आणि डिजिटल करून बाहेर देतात. विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या पुस्तिकेत हे नक्की बघा, सगळ्यांत ते नाही.

मिनीडीव्ही असेल तर पिवळ्या पिनेचा विचार सोडा. त्यावरचं चित्र आधीच डिजिटल आहे. फायरवायर नावाच्या केबलनं, ज्याला सोनी आय-लिंक म्हणते, ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर येतं, तासाला सुमारे १३ जीबी. नव्या लॅपटॉपला ही सॉकेट नसते, पण डेस्कटॉपमध्ये साधं फायरवायर कार्ड बसवता येतं. कॅमेऱ्याच्या यूएसबीवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये ती फक्त छोटं चित्र देते. एलपीवर, म्हणजे टेप संथ चालवून जास्त वेळ मावेल अशी घेतलेली कॅसेट शक्यतो ज्या कॅमेऱ्यानं घेतली त्यावरच चालवा.

प्रश्न: विकत आणलेली सिनेमाची कॅसेट रेकॉर्डर घेत नाही, दर काही सेकंदांनी चित्र उजळतं आणि काळवंडतं. (वाचक, मानपाडा, ठाणे)

उत्तर: ती मॅक्रोव्हिजनची कॉपीबंदी आहे, रेकॉर्डर बिघडलेला नाही. घरच्या रेकॉर्डिंगवर ती नसते. सिनेमाची अधिकृत प्रत आज दुसऱ्या मार्गानं आणि चांगल्या दर्जाची मिळते. तुमचा वेळ ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, अशा कॅसेटसाठी ठेवा.

प्रश्न: २००८ मध्ये मुलानं घरच्या रेकॉर्डरवर डिस्क करून ठेवल्या. आता काही डिस्क ‘नो डिस्क’ दाखवतात, काही शेवटच्या अर्ध्या तासात अडकतात. कॅसेट टाकून दिल्या आहेत. (वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत. ‘नो डिस्क’ म्हणजे बहुधा डिस्क फायनलाइझ केलेली नाही. तो रेकॉर्डर किंवा त्याच कंपनीचा तसाच दुसरा मिळाला, तर त्यात घालून फायनलाइझ करा. नाही मिळाला तर आयसोबस्टर हा प्रोग्रॅम अशा डिस्कमधलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर वाचू शकतो.

शेवटी अडकणाऱ्या डिस्कचं कारण वेगळं. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो, आणि हाताळणी, ओरखडे, ओल यांचा मार आधी कडेलाच बसतो. लिहायच्या डिस्कमधला सेंद्रिय रंग उन्हानं आणि उष्णतेनं फिका पडतो, तो भाग वेगळाच. डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. मग जमतील तितक्या वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचणारी डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचतो, हे वारंवार दिसतं. वाचली की लगेच कॉपी करा. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमनं तुकडे जोडून एक फाइल होते आणि चित्राचा दर्जा बदलत नाही.

इतर वाचकांना कळकळीची विनंती: डिस्क झाली म्हणून कॅसेट टाकू नका. फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, अशी सोय झाल्यावरसुद्धा कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, उभी, कोरड्या कपाटात ठेवा. डिस्कवर चिकट लेबल लावू नका, पाण्याच्या शाईच्या मार्करनं वरच्या बाजूला लिहा.

प्रश्न: आम्हा दोघांचं वय झालं, हे सगळं जमणार नाही. दुकानात देताना काय बघावं? (वाचक, पनवेल)

उत्तर: जरूर द्या, पण सगळ्या कॅसेट एकदम नाही. आधी एकच, आणि तीही दुसरी प्रत असलेली. प्रत्येक कॅसेटवर क्रमांक घालून त्यांची यादी स्वतःकडे ठेवा, आणि कॅसेटच्या मागच्या कडेचा रेकॉर्डिंगचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर काही पुसलं जाणार नाही.

दुकानदाराला चार गोष्टी स्पष्ट सांगा. डिस्क हवी असेल तर तीही द्या, पण फाइल हवीच. एका फाइलमध्ये पूर्ण कॅसेट, सुरुवातीच्या मुंग्यांसकट. चित्र चार-तीन या मूळ प्रमाणातच, रुंद टीव्हीभर ताणलेलं नको; ताणलं की सगळी माणसं बुटकी आणि जाड दिसतात. आणि वर स्वतःची गाणी, फुलांच्या चौकटी किंवा ‘क्लिअर’ करायचं फिल्टर नको. असलं फिल्टर चेहऱ्यावरची खरखर पुसताना नऊवारीच्या काठाची नक्षीही पुसून टाकतं.

फाइल हाती आल्यावर तीन ठिकाणी तपासा: सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं. ओठ आणि आवाज शेवटीही जुळतात का, हे मुख्य. टाळ्या वाजवणारा माणूस शोधा, हात भिडले की आवाज आला पाहिजे. आवाजात फडफड असेल तर दुकानदाराला व्हीसीआरचा आवाज हाय-फायवरून ‘नॉर्मल’वर घेऊन पुन्हा करायला सांगा. फाइल पेन ड्राइव्हवर घेणार असाल तर तो एक्स-फॅट पद्धतीनं फॉरमॅट करून न्या, नाहीतर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणारच नाही. आणि हे पावसाळ्याआधी करा. पावसात दुकानातल्या मशीनलाही ओल लागते, आणि कॅसेट आणायची-न्यायची ती प्लास्टिकच्या डब्यातून.